कन्नड, जाड

कपाटाचं दार उघडलं की आधी कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास येतो, मग डांबरगोळ्यांचा आणि सगळ्यांत शेवटी जुन्या कागदाचा. वर्षातून एकदा आमच्या उदगीरच्या वाचनालयात पुस्तकांची झाडाझडती होते, तेव्हा हा वास चार-पाच दिवस पदराला चिकटून असतो. लोकांना वाटतं, ग्रंथपालाचं काम पुस्तकं आणण्याचं. ते सोपं; याद्या येतात, समिती बसते, चहा येतो. अवघड असतं ते काढणं. कपाटं तेवढीच आणि पुस्तकं दरसाल वाढणारी; नव्याला बसवायचं तर कुणाला तरी उठवावं लागतं. आज सकाळी एक पुस्तक हातात घेतलं, सवयीनं त्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ज्यांनी हे शिकवलं ते आठवले.

ते माझ्या आधीचे ग्रंथपाल. जन्मात कधी वर्गावर उभे राहिले नव्हते, तरी सारं गाव त्यांना मास्तर म्हणे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आम्ही एक चिठ्ठी डकवतो. पुस्तक घरी गेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का पडतो. पाच-सात वर्षं शिक्का नाही म्हणजे ते कुणी वाचत नाही, असं कुणीही धरून चालेल. मास्तर तसं धरून चालत नसत. "चिठ्ठी घरी नेणाऱ्याचं सांगती," ते म्हणत. "हितंच बसून वाचणाऱ्याचं धूळ सांगती. वरच्या कडंवर धूळ न्हाई म्हंजी कुणाचा तरी हात लागून राहिला." त्यातूनही जे काढायचं ठरे, ते महिनाभर व्हरांड्यातल्या बाकावर मांडलेलं असे. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणी नुसतं 'राहू द्या' म्हटलं, तरी ते पुन्हा कपाटात जाई. मला हे नसते लाड वाटत. मी नुकती ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली आले होते आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत होती.

त्या वर्षी मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे नांदेडला गेले. इकडे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे गठ्ठे येऊन पडलेले, अभ्यासिकेतली मुलं दिवसातून दोनदा विचारत, बाई, कधी लावणार? मी चिठ्ठ्या बघून तीन दिवसांत काढायच्या पुस्तकांची यादी केली. कोपऱ्यातल्या एका फळीवर डझनभर कन्नड पुस्तकं होती, एकाही चिठ्ठीवर शिक्का नव्हता. दाखल नोंदवहीत त्यांची नावंसुद्धा नव्हती. ज्यानं कधीकाळी ती नोंदवली त्याला कन्नड येत नसावं. त्यानं लिहून ठेवलं होतं, 'कन्नड, पातळ', 'कन्नड, हिरवा पुठ्ठा', 'कन्नड, जाड'. मला हसू आलं. समितीनं यादी न वाचता सह्या केल्या, चहा मात्र मन लावून घेतला. बाकावर महिनाभर मांडायला मला धीर नव्हता. त्याच संध्याकाळी सगळं रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गेलं आणि मोकळ्या फळ्यांकडे बघून मला फार बरं वाटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी एक बाई त्या फळीसमोर येऊन उभी राहिली. तिला मी ओळखत होते, म्हणजे बघून होते. हिरव्या मिरच्या विकून झाल्या की ती रिकामी पाटी दाराशी ठेवून आत येई. एसटीची वेळ होईतो पंख्याखाली टेकत असेल, असं मी धरून चालले होते. ती बराच वेळ उभी राहिली, मग माझ्या टेबलाशी आली.

"अक्का, हितलं माझं पुस्तक कुठं हाय?"

तिचं माहेर बिदरच्या पलीकडचं. चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकली आणि लग्न होऊन इकडे आली. मी म्हटलं, "मावशी, घरी का नाही नेलं कधी?"

"घरी समदे मराठी. हातात पुस्तक दिसलं की हासत्यात. म्हून हितंच वाचती, याष्टी येस्तवर. नातीच्या बारशापासून वाचून राहिले. आता ती साळंत जाती." मग फळीकडे बघत म्हणाली, "थोडकीच पानं राहिली हुती, अक्का."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी चप्पल घालून रद्दीवाल्याकडे धावले. माल आदल्या दिवशीच ट्रकनं गेला होता.

मास्तर काळा चष्मा लावून परतले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, "धूळ बघितली हुतीस?" मी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, "मग तिलाच इचार कोणतं पुस्तक हुतं. दुसरं आणू." पण पुस्तक कधीतरी नव्यानं बांधलं होतं आणि त्यात पहिली पानंच गेली होती. तिनं ते सातव्या पानापासून वाचलेलं. नाव तिला ठाऊक नव्हतं आणि आमच्या वहीत होतं, 'कन्नड, जाड'.

मग दर बाजारी ती मला गोष्ट सांगू लागली, निम्मी मराठीत, निम्मी कन्नडात, आणि मी लिहून घेऊ लागले. एका विधवेनं बांधावर चिंच लावलेली, त्या चिंचेपायी दोन भावांत कज्जा, तिचा मुलगा रुसून परागंदा झालेला. वर्षांनी त्याचं पत्र येतं. तिला वाचता येत नाही. ते हातात धरून ती गावातल्या शिकल्या माणसाकडे निघते. मावशी तिथवर आली होती. मास्तर ते कागद घेऊन एसटीनं बिदरला गेले, तीन दुकानांत त्यांनी ही गोष्ट सांगितली. कुणाला ओळखता आली नाही. येताना त्यांनी सहा नवी कन्नड पुस्तकं आणली आणि नोंदवहीत त्यांची नावं दुकानदाराकडून विचारून, नीट, मराठी अक्षरांत लिहिली. माझ्या चुकीबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशीनं ती सहाही वाचली. पण दर बाजारी पाटी ठेवता ठेवता विचारायची, "पत्रात काय असंल वो अक्का?" कधी मी म्हणे, येतो म्हणून लिहिलं असेल. ती म्हणे, न्हाई, लगीन केलं असंल तिकडंच. मन हलकं असलं की ती त्याला घरी आणी, मिरचीला भाव नसला की तो आजारी पडे. हसायचो आम्ही. हसता हसता मला लाज वाटायची.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. बाजारात मिरच्यांच्या त्या जागी दोन वर्षांपासून दुसरी कुणी बसते. तिनंच मला मावशी गेल्याचं सांगितलं. कन्नड फळी अजून आहे. अलीकडे तिच्यावरच्या पुस्तकांच्या कडांवर धूळ बसू लागलीय. नियमानं काढायला हवीत, मास्तरांच्यासुद्धा नियमानं. मी फडक्यानं ती धूळ पुसते आणि तपासणीच्या कागदावर 'वापरात' असं लिहिते. हे खोटं आहे, मला कळतं. पत्रात काय असेल याचा विचार करणाऱ्या आम्ही दोघी होतो. आता मी एकटीच आहे.