नीट फाटलेला आवाज

चांगला आवाज बिघडवण्यासाठी आमच्या साडूंनी जेवढे कष्ट घेतले आहेत, तेवढे कष्ट आवाज सुधारण्यासाठी अख्ख्या जालना जिल्ह्यात कुणी घेतले नसतील. जिल्ह्यात भजनी मंडळं आहेत, कव्वालीचे शौकीन आहेत, लग्नातले बँडवाले आहेत, आणि या सगळ्यांची जन्माची धडपड एकच, की आवाज स्वच्छ निघावा. साडूंची धडपड बरोबर उलटी. त्यांच्याकडे एक इलेक्ट्रिक गिटार आहे, एक कॉम्प्युटर आहे आणि दोघांच्या मध्ये जेवणाच्या डब्याएवढी एक लाल पेटी आहे. तार छेडली की तिचा आवाज पेटीतून कॉम्प्युटरमध्ये जातो आणि तिथे साडू तो मुद्दाम फाडतात. रॉक संगीतात गिटार अशीच गुरगुरत्या, फाटक्या आवाजात वाजते. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. आमच्या सासूबाई पहिल्यांदा त्यांच्याकडे मुक्कामाला आल्या, तेव्हा दाराआडून त्यांनी काळजीनं विचारलं होतं, "जावईबापू, स्पीकर फाटला का काय हो?" साडू अतिशय नम्रपणे म्हणाले, "फाटलेलाच पाह्यजे आई, पण नीट फाटलेला पाह्यजे. हा अजून नीट फाटून न्हाई राह्यला."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मूळचे टेंभुर्णीचे, घरची शेती भाऊ बघतात, आणि हे नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरीला. दिवसभर शेतकऱ्यांना मिरचीचे आणि कपाशीचे वाण समजावून सांगणारा हा गृहस्थ इतका मृदू बोलतो, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं. चष्मा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. या माणसाच्या बोटांखालून कारखान्यात लोखंड कापल्यासारखा आवाज निघत असेल, असं सांगूनही कुणाला पटत नाही. मी स्टेशनजवळच्या एका बँकेत आहे. संध्याकाळी घरी परतताना त्यांचं घर वाटेवर लागतं. मोटारसायकलचा आवाज ओळखून ते फाटकात उभे असतात आणि मी हेल्मेट काढलं न काढलं तोच डोक्यावर हेडफोन चढवतात. मग तीच धून दोनदा ऐकवतात आणि विचारतात, "साडूभाऊ, फरक कळला का?" मला फरक कळत नाही. कधीच कळलेला नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर एवढी आशा असते, की मी म्हणतो, "दुसरं जरा भरदार वाटलं." ते ताडकन म्हणतात, "बराबर! मलाबी तेच वाटून राह्यलं होतं. म्हणजे पहिलंच ठेवू."

या आवाजामागे लागून साडूंनी घराची जी उलथापालथ केली, ती माझ्या मेहुणीनं, म्हणजे ताईंनी, कशी सोसली हे त्यांनाच ठाऊक. गिटारीच्या पोटात चुंबक असतात आणि त्यांना घरातल्या सगळ्या वायरींची गुणगुण ऐकू येते. ती गुणगुण घालवण्यासाठी साडू गिटार गळ्यात अडकवून सगळ्या खोल्यांमधून गोल गोल फिरले, तेव्हा मागच्या खोलीत, कपाटाकडे तोंड करून, जरा तिरकं बसलं की ती सगळ्यात कमी येते, असा शोध लागला. तेव्हापासून ते तसेच बसतात. शेजारच्या काकांना वास्तुशास्त्राचा नाद. त्यांनी खिडकीतून हे पाहिलं आणि एकदा आदरानं विचारलं, "कोणत्या दिशेला तोंड करून बसता?" साडूंनी सरळ मनानं सांगितलं, "ईशान्येला. अन् फ्रिज बंद पाह्यजे, त्याशिवाय फायदा न्हाई." काकांनी पूजेला बसताना फ्रिज बंद ठेवायला सुरुवात केली, आणि काकूंचं दूध नासेपर्यंत ते व्रत चाललं.

तरी थोडी गुणगुण उरलीच. ती अर्थिंगची आहे, असं साडूंनी ठरवलं आणि अंगणात खड्डा खणून, कोळसा आणि मीठ भरून नवीन अर्थिंग केलं. अशा खड्ड्यात ओल राहावी लागते. त्यामुळे भर मे महिन्यात, गल्लीत लोक नळाची वाट बघत असताना, साडू सकाळी तांब्या घेऊन खड्ड्याला पाणी घालत. ताई म्हणायच्या, "माझी मोगऱ्याची वेल वाळून चालली अन् हे मिठाला पाणी घालून राह्यले!" कामाला नव्यानं आलेल्या मावशींनी दोन दिवस हा प्रकार पाहिला आणि तिसऱ्या दिवशी खड्ड्याला हळदीकुंकू वाहिलं. साडूंनी ते पुसलं नाही. म्हणाले, "राहू द्या. गुणगुण खरंच कमी झाली."

राजूरच्या गणपतीला ते मला घेऊन गेले होते, त्याची वेगळीच गंमत. दर्शनाची रांग पुढे सरकत होती आणि साडू मात्र एका खांबाखाली डोळे मिटून, हात जोडून उभे. मला वाटलं, भक्ती दाटून आली. जवळ गेलो तर वर जुना कर्णा लागलेला, त्यातून कुणाची तरी चप्पल हरवल्याची सूचना चालू होती आणि साडू पुटपुटत होते, "काय फाटून राह्यला हो हा! बिलकुल मधोमध. खाली गचगच न्हाई, वर चरचर न्हाई." पुढच्याच आठवड्यात त्यांनी मंडपवाल्याकडून तसला कर्णा आणून गच्चीवर लावला आणि त्यातून गिटार वाजवली. गल्लीतल्या बायका हंडे, बादल्या घेऊन बाहेर आल्या. टँकर आल्याची सूचना असावी, असं त्यांना वाटलं होतं. टँकर नाही म्हटल्यावर त्या जे बोलल्या, ते त्या कर्ण्यापेक्षाही भरदार होतं.

आता इतक्या वर्षांच्या या खटाटोपातून किती गाणी तयार झाली असतील? एकही नाही. साडूंचं म्हणणं असं, की आधी आवाज जमला पाहिजे, मग गाणं काय, जल्दी होईल. गाणं मात्र तयार होतं. ते लिहिलं होतं त्यांच्या कॉलेजातल्या दोस्तानं. हे दोस्त राजूरच्या शाळेत शिकवतात. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. सरांचे वडील भीमजयंतीला गावोगाव गायला जायचे. तो खडा गळा सरांकडे आला आणि कॉलेजात साडूंच्या गिटारीशी त्याची गाठ पडली. गाणं होतं गावात बऱ्याच वेळानं लाइट आल्यावर गल्लीत जो गलका होतो, त्याच्यावर. त्याच्या शेवटी सर जो उंच सूर लावत, तो ऐकला की माझ्यासारख्या बँकेतल्या माणसालाही उठून ओरडावंसं वाटे. दर दिवाळीला सर विचारायचे, "काय, झाला का तुझा आवाज?" आणि साडू म्हणायचे, "झालाच समज. थोडी वरची चरचर कापायची राह्यली."

गेल्या उन्हाळ्यात सर अवेळी आले. मी तिथेच होतो. त्यांनी चहा घेतला, कॉलरचं बटण काढलं आणि गळ्यावरची गाठ दाखवली. ऑपरेशन करावं लागणार होतं, संभाजीनगरला. गाठ साधीच आहे, जिवाला धोका नाही, पण आवाजाची नस तिथूनच जाते, असं डॉक्टर म्हणाले होते. बोलता येईल. गाता येईल की नाही, ते नंतरच कळणार. सर हे सगळं वर्गात धडा समजावून सांगावा तसं सांगत होते. शेवटी म्हणाले, "म्हणून म्हटलं, त्याच्या आधी आपलं ते गाणं करून घेऊ. तुझा आवाज झाला असंल तर."

 साडूंनी उठून फ्रिज बंद केला.

पुढच्या रविवारी सर राजूरहून मोटारसायकलवर आले. साडू सकाळपासून कपाटाकडे तोंड करून बसले होते. नवीन तारा चढवल्या होत्या. ते वाजवत, ऐकत, मान हलवत, कॉम्प्युटरवरची बटणं इकडची तिकडं करत. दुपार झाली. सर सतरंजीवर बसून चहा पीत राहिले. "बस, एवढं घोगरं काढतो," साडू म्हणाले. मग "बस, एवढी चरचर." उन्हं कलली तरी सरांनी एक ओळसुद्धा गायली नव्हती. साडू पुन्हा पुन्हा तीच बटणं फिरवत होते. आवाज जमेना म्हणून ते घाबरलेत, असं मला वाटलं. आता वाटतं, तो जमला की गाणं होणार, गाणं झालं की सर ऑपरेशनला जाणार, त्याची ती भीती असावी.

शेवटी ताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. म्हणाल्या, "अहो, ऑपरेशन त्यांच्या गळ्याचं हाये. तुमच्या गिटारीचं न्हाई. आधी त्यांना गाऊ द्या."

 साडूंनी गिटार बाजूला ठेवली, सरांना उठवून माइकसमोर उभं केलं, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि पंखा बंद केला. हेडफोनात वाजणाऱ्या नुसत्या टकटक ठेक्यावर सर गायले. घामानं त्यांचा शर्ट भिजला होता. शेवटचा तो उंच सूर त्यांनी लावला, लावून धरला, आणखी धरला, आणि सोडला तेव्हा स्वतःच हसले. म्हणाले, "घे. आता तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडू त्या गाण्यात गिटार भरायला बसले. मी शेजारी. त्यांचा तो वर्षानुवर्षं घडवलेला भरदार, गुरगुरता आवाज त्यांनी सरांच्या गाण्याखाली लावला, आणि सर गायबच झाले. गिटारीनं त्यांना गिळून टाकलं होतं. साडूंनी चष्मा पुसला. मग ज्या बटणानं आवाज जास्त फाटतो, ते त्यांनी थोडं मागं फिरवलं. सर थोडे दिसू लागले. आणखी मागं. खालची घरघर कापली, वरची चरचर कापली. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी त्यांच्या शेतातलं उभं पीक उपटतंय. शेवटी जे उरलं, ते नुसतं ऐकलं तर अगदी किडकिडीत होतं. एखाद्या शिकाऊ मुलानं वाजवल्यासारखं. तेच त्यांनी पुन्हा पहिल्यापासून दुसऱ्यांदा वाजवून घेतलं. एक डाव्या कानाला लावलं, एक उजव्या, आणि मध्ये सरांना सोडलं.

हेडफोन माझ्या डोक्यावर होता. मला आयुष्यात पहिल्यांदा फरक कळला. दोन्ही बाजूंनी गिटारीच्या भिंती उभ्या होत्या आणि मधल्या मोकळ्या गल्लीतून सरांचा आवाज धावत येत होता. साडूंनी विचारलं, "कसं वाटलं?" मी हेडफोन काढून त्यांच्याच डोक्यावर चढवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "साडूभाऊ, मी इतकी वर्षं ह्या गिटारीला एकटीलाच ऐकून राह्यलो होतो हो."

ऑपरेशन नीट झालं. आदल्या दिवशी सरांना दवाखान्यात गाणं ऐकवलं, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनीही हेडफोनचा एक कान मागून घेतला. नंतर सरांना बरेच दिवस न बोलण्याची सक्ती होती. शाळा सुरू झाली तेव्हा ते अगदी हळू बोलायचे. पण त्यांचं ऐकू यावं म्हणून पोरं आपणहून गप्प बसायची, याचं त्यांना मोठं नवल वाटलं. त्याच्यावरच त्यांनी नवं गाणं लिहिलं. बोलणं आता पुरतं आलंय, गाणं हळूहळू येतंय. वरचा सूर मात्र अजून आलेला नाही. येईल, असं डॉक्टर म्हणतात. सर नुसते मान हलवतात.

परवाच्या रविवारी मी गेलो, तर साडूंनी गिटारीच्या सगळ्या तारा सैल करून खालच्या सुरात लावल्या होत्या. सरांचा गळा आता जिथे चालतो, तिथे. तारा सैल झाल्या की आवाज पुन्हा गढूळ होतो. म्हणजे साडूंना सगळी खटपट नव्यानं करावी लागणार. पण त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. सरांनी पहिली ओळ उचलली आणि अर्ध्यात त्यांचा गळा थांबला. त्यांनी हात वर करून माफी मागितली. साडू थांबले नाहीत. त्यांनी तेवढी ओळ वाजवून पुरी केली आणि पुन्हा सुरुवातीकडे वळले. वाजवता वाजवताच म्हणाले, "तू दम घे गड्या, मी फिरून येतो."

ते फिरून आले. सर डोळे मिटून ऐकत होते. साडू पुन्हा फिरून आले, अजिबात घाई न करता. बाहेर ऊन उतरत होतं, ताई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आणि मग कधीतरी, ओळीच्या तोंडाशी, खालच्या पट्टीत, थोडासा खरखरीत, पण सरांचाच आवाज गिटारीच्या शेजारी येऊन चालू लागला.