शे आणि नही शे

जादू हिंदीतच होते, असं आमच्याकडे सगळे धरून चालायचे. जादूगार धुळ्याचा असो की जळगावचा, घरी बायकोशी भाजीवरून वाद घालताना तो अहिराणीतच घालायचा. पण डोक्यावर तुऱ्याचा फेटा चढला, की 'मेहरबान, कदरदान' सुरू. ज्या उस्तादांकडे मी पेट्या वाहायच्या कामाला होतो, तेही असेच. धुळ्याच्या गल्लीतला माणूस, पण रंगमंचावर थेट बगदादहून आल्यासारखे वागायचे.

एका जत्रेत खेळ संपल्यावर एक म्हातारे आबा पुढे आले आणि उस्तादांना म्हणाले, "भाऊ, खेळ चांगला व्हता, पन तू काय बोलना ते समजनं नही."

उस्ताद हसले. आबा गेल्यावर मला म्हणाले, "समजलं तर ती जादू कसली?"

तिथंच माझं डोकं फिरलं. मला नेमकं उलट वाटत होतं. सगळं समजतंय, आपल्याच घरातली वस्तू आहे, समोरचा माणूसही आपल्यासारखाच बोलतोय, आणि तरीही ती वस्तू गायब झाली, तर ती खरी जादू. न समजणाऱ्या भाषेत काहीही नाहीसं करता येतं.

मी उस्तादांचं काम सोडलं आणि घरी बसून स्वतःचा खेळ बांधला. पेटी नाही, झगा नाही, बाजा नाही. धोतर, पांढरी टोपी, खाली घोंगडी, आईच्या मांडणीवरची पितळी तीन फुलपात्री आणि कापसाच्या चार गोळ्या. गोळी फुलपात्राखाली ठेवायची आणि लोकांना विचारायचं, "शे का?" लोकांनी म्हणायचं, "शे." म्हणजे आहे. मग मी विचारायचं, "आते?" म्हणजे आता, आणि फुलपात्र उचलायचं. लोकांनी म्हणायचं, "नही शे." शेवटी प्रत्येक फुलपात्राखालून कुणाच्या ध्यानीमनी नसलेली वस्तू काढायची, एखादं लिंबू, एखादं कोवळं वांगं.

यातली मेख एवढीच, की लोक ओरडून उत्तर देतात त्या क्षणी माझ्या हातांना फुरसत मिळते. लोक बोललेच नाहीत, तर खेळच नाही. त्यामुळे मला नुसते बघणारे नको होते, बोलणारे हवे होते.

उस्तादांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "त्या बोलीत म्हशी हाकतात. परत येशील तेव्हा पेट्या इथंच असतील." त्यांनी हे रागानं म्हटलं नाही, कीव केल्यासारखं म्हटलं. रागावले असते तर मला कमी लागलं असतं.

घरी वेगळाच पेच होता. मामा धुळ्यात एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि माझ्यासाठी शिपायाची जागा त्यांनी बघून ठेवली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की रुजू व्हायचं. मी आईला म्हटलं, तोवर माझे खेळ चालू लागले तर मी जाणार नाही. आई धोरणी. तिनं होकार दिला, पण अट घातली.

"तू मांगीसन आनेल खेळ धराना नही," ती म्हणाली. "कोनी आपलं व्हईसन बलावाले येवाले पाहिजे."

म्हणजे दारोदार फिरून मिळवलेलं काही जमेस धरायचं नाही. कुणीतरी आपण होऊन, घर शोधत, मला बोलवायला यायला हवं. मी म्हटलं, चालेल. चालेल म्हणायला काय जातं.

पण कुणी घर शोधत यायचं तर आधी खेळ कुणीतरी पाहिलेला हवा, म्हणून मी फिरायला लागलो. धुळ्यात एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी चष्मा काढून मला नीट पाहिलं. "आम्ही इथं पोरांची बोली सुधारायला बसलोय," ते म्हणाले, "आणि तुम्ही तीच स्टेजवर आणता?" अमळनेरला कॉलेजच्या गॅदरिंगसाठी विचारायला गेलो. तिथला विद्यार्थ्यांचा सेक्रेटरी उत्साही होता.

"बाई कापता का?"

"नाही."

"कबुतरं?"

"नाही."

"मग आहे काय तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "फुलपात्री." त्यानं शिपायाला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं.

पाणी प्यालो आणि पुढच्या एसटीनं एरंडोल गाठलं. एरंडोलहून जळगाव. नकार मिळाला की माझं डोकं तापायचं, आणि डोकं तापलं की पाय जोरात चालायचे, एवढा एक गुण देवानं मला दिला होता.

जळगावात एका डाळमिलच्या शेठजींनी हो म्हटलं. त्यांच्या घराण्याला राजस्थानातून येऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, पण तूर विकायला आलेल्या शेतकऱ्याशी ते माझ्यापेक्षा फर्डी अहिराणी बोलत. हिवाळ्यात त्यांच्या मळ्यात भरताची पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, आणि पाहुणे म्हणजे गावातले डॉक्टर, वकील, व्यापारी, दोन-तीन साहेब. निम्मे एरंडोल-अमळनेरकडचेच, घरी सगळे अहिराणीच बोलणारे.

मी घोंगडी अंथरली, गोळी ठेवली आणि विचारलं, "शे का?"

कुणी बोलेना. एकमेकांकडे बघून बारीक हसत राहिले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा एक वकील घसा साफ करून अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "होय, आहे." त्यावर जो हशा पिकला, तो माझ्या खेळाला नव्हता. तिसऱ्यांदा विचारताना माझी बोटं चुकली आणि गोळी घरंगळत कुणाच्या तरी ताटाशी गेली. त्या बाईंनी ती उचलून माझ्या हातात दिली, लहान मुलाचं सांडलेलं द्यावं तशी.

पाहुणे पांगल्यावर शेठजींनी मला बसवून भरीत-पुरी वाढली. "तुमचा खेळ वाईट नाही," ते म्हणाले. "पण माणसं चारचौघांत ही बोली तोंडातून काढत नाहीत. माझ्या दुकानात काढतात, कारण तिथं भाव ठरवायचा असतो. जिथं कुणी लाजत नाही, अशी जागा शोधा."

"अशी जागा कुठं आहे?" मी विचारलं.

शेठजींनी बराच विचार केला. "मलाही माहीत नाही," ते म्हणाले आणि आणखी एक पुरी वाढली.

परतीच्या एसटीत मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो त्या वकिलावरही नव्हता. ज्या बोलीत हा माणूस आईला जेवायला मागत होता, ती चारचौघांत त्याला काखेत लपवावी लागत होती. माझ्या गोळ्यांपेक्षा मोठा गायब करण्याचा खेळ तोच खेळत होता. खेळ बदलायचा नाही, हे मी पारोळा येईपर्यंत ठरवून टाकलं.

मग आखाजी आली. आमच्या धुळ्याजवळच्या गावात कडुनिंबाला झोके बांधले गेले. गावच्या सगळ्या लेकी माहेरी आल्या. माझी अक्काही आली, अमळनेरकडच्या तिच्या सासरहून. पुरुषमंडळी पारावर पत्त्यांत बुडालेली, आणि झोक्याखाली गौराईची गाणी म्हणणाऱ्या बायकांना त्या दिवसांत कुणी हटकायचं नाही, ही आमच्याकडची रीत. अक्का सासरी डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही आणि तिचा आवाज चुलीपलीकडे जायचा नाही. तीच अक्का आखाजीला झोक्यावर उभी राहून मला अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारायची.

"माले दखाड तुन्हा खेळ," ती म्हणाली.

मी म्हटलं, इथं कुठं. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि फुलपात्री झोक्याखालच्या मातीत स्वतःच मांडली. बायका भोवती बसल्या. मी गोळी ठेवली आणि जळगावचा धसका घेऊन हळूच विचारलं, "शे का?"

"शे," असा आवाज उठला की पारावरचे पत्तेवाले वळून बघायला लागले.

"आते?"

"नही शे."

एक जण झोक्यावरून ओरडली, गोळी तुझ्या डाव्या हातात शे. मी हात उघडला. नव्हती. शेवटी तिन्ही फुलपात्रांखालून कैऱ्या निघाल्या, तेव्हा एकीनं कैरी चावून खरी आहे का ते बघितलं. मग दुसरी अगदी गंभीर तोंडानं म्हणाली, "भाऊ, मन्ही सासूले नही शे करता येई का तुले?" त्यानंतर पुढचा बराच वेळ मला काही करताच आलं नाही, त्या हसायच्या थांबेपर्यंत मीही हसत बसलो. शेठजींना सापडली नव्हती ती जागा ही होती. पण ती वर्षातून एकदाच भरते, आणि तिथं मला कुणी बोलावलेलं नव्हतं. आईच्या अटीत ती बसत नव्हती.

आखाजी सरली. बैलगाड्यांतून, एसटीतून लेकी आपापल्या सासरी गेल्या. मामा कागद घेऊन आले, सोमवारी रुजू व्हायचं. आईनं माझा सदरा धुऊन वाळत घातला. मी सोमवारी जायला तयार झालो. शब्द दिला होता. फुलपात्री मात्र मी मांडणीवर परत ठेवली नाहीत. आईनं ते बघितलं आणि मांडणी पुसताना ती जागा रिकामीच ठेवली.

शनिवारी दुपारी दाराशी बैलगाडी थांबली. तापीकाठच्या एका गावचे अनोळखी नाना उतरले आणि आईला विचारू लागले, "तो नही शे वाला भाऊ आठेच ऱ्हास का?"

आई उंबऱ्यात आली. "तुमले कोनी धाडं?"

"कोनीच नही. मन्हा धाकला पोऱ्यानं लगीन शे. मोठी सून सांगस, त्यालेच लई या. आखाजीपासून घर मा वाट्या पालथ्या घालीसन बठ्ठासले तेच दखाडस."

त्यांची मोठी सून आमच्याच गावची लेक, आखाजीहून परतल्यापासून ती घरात सगळ्यांना वाट्या पालथ्या घालून माझाच खेळ दाखवत होती. आईनं त्यांना पाणी दिलं. मग आत आली, दोरीवरचा सदरा काढला, घडी करून माझ्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, लग्नाला जातोस तर धुतलेला हवा. मामांचा कागद दोन दिवस कोनाड्यात होता, मग तोही कुठं गेला मी विचारलं नाही.

माझी जाहिरात कशी झाली हे मला तेव्हा कळलं. झोक्याखाली बसलेली एकेक जण वेगवेगळ्या गावी गेली होती आणि जाताना तो खेळ घेऊन गेली होती. त्या उन्हाळ्यात मी कुणाच्या दारी विचारायला गेलो नाही. लग्नं झाली, बारशी झाली, पुढं गणपतीतही बोलावणी आली. ज्या गावात आमच्या गावची एखादी लेक दिलेली, तिथं मला ओळख सांगावी लागायची नाही.

आणि अक्काच्या सासरहूनही बोलावणं आलं. खुद्द तिच्या सासऱ्यांनी पाठवलं होतं. कडक माणूस. संध्याकाळी वाड्याच्या चौकात घोंगडी टाकली. पुढे पुरुष बसले, मध्यभागी सासरे. बायका मागे, दाराच्या आत, पदर पार नाकापर्यंत. मी गोळी ठेवली. "शे का?"

कुणी बोललं नाही. सगळे सासऱ्यांकडे बघत होते आणि सासरे माझ्याकडे. मला एकदम भरताचा वास आला, तो वकील आठवला.

"शे."

मागून, दाराच्या आतून आवाज आला. एकटीचाच. सासऱ्यांनी मान वळवली. मला वाटलं, आता अक्काची धडगत नाही, आणि तरीही मी थांबलो नाही. मी फुलपात्राला हात लावला आणि तिच्याच दिशेनं विचारलं, "आते?"

"नही शे," अक्का म्हणाली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. मग तिच्या शेजारची एक म्हणाली, मग आणखी दोघी, मग पुढचे पुरुष. पुढच्या खेपेला मी सरळ सासऱ्यांकडे बघून विचारलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, पुढं वाकून फुलपात्राकडे निरखून पाहिलं आणि ठामपणे म्हणाले, "नही शे."

मी फुलपात्र उचललं. होती.

सगळा चौक हसला, सासरेही हसले. दाराआडच्या त्या सगळ्या हसण्यातून एक हसू मी वेगळं ओळखलं. ते मी तोवर फक्त आखाजीलाच ऐकलं होतं.