साहेबांचा डावा कान

सदाशिव पेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. सव्वीस वर्षं मी लोकांचे चेहरे दुरुस्त करते. पासपोर्टसाठी दोन्ही कान दिसले पाहिजेत, लग्नाच्या स्थळासाठी एकही डाग दिसता कामा नये. या कामात माझा हात धरणारं पेठेत दुसरं कुणी नाही, आणि हे मी संकोचून सांगत नाही.

मागच्या हिवाळ्यात मंडईतल्या एक मावशी कुत्रा घेऊन आल्या. आलं-लसणाचा गाळा त्यांनी तीस वर्षं चालवला. आता गुडघे साथ देईनात म्हणून त्या खराडीला लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. शेजारच्या गाळेवाल्यांनी शाल, श्रीफळ आणि पगडी देऊन त्यांचा सत्कार केला होता. ते सगळं त्यांनी पिशवीतून काढलं आणि कुत्र्यावर चढवलं.

"राखण यानं केली. सत्कार माझा कशाला?"

कुत्र्याला सगळी मंडई 'साहेब' म्हणायची. साहेब लेकीच्या फ्लॅटमध्ये चालणार नव्हते. ते शेजारच्या कांदेवाल्याकडे राहणार होते. मावशींबरोबर जाणार होता तो फक्त फोटो, आणि तोही लेकीच्या हुकमाने आतल्या खोलीत, दारामागे.

"ताई, असा करून द्या की ती आपण होऊन हॉलमध्ये लावेल," मावशी म्हणाल्या. वर दारामागच्या जागेचं मापही दिलं. भरवसा नव्हता.

साहेब लाकडी खुर्चीवर बसले. पगडी एका डोळ्यावर आली. मी नारळ त्यांच्या मांडीवर ठेवायला गेले, तेव्हा कुत्र्याला मांडी नसते हे लक्षात आलं. मग तो पुढच्या पायांत टेकवला आणि मावशींनी बाजूने हात घालून धरला. साहेब भाषणांना कंटाळलेल्या अध्यक्षांसारखे दिसत होते, आणि नजर तिरकी नारळावर. कामाच्या वेळी मी हसत नाही, पण हसले. चौथ्या फ्लॅशला साहेब उतरले, पगडी झटकली आणि थेट जिना गाठला. पुन्हा काही वर यायला तयार होईनात. चारांतला एकच फोटो धड आला होता.

"बाकीचं मी बघते," मी म्हटलं.

आणि नेहमी करते तेच केलं. डावा कान लोंबत होता, तो उजव्यासारखा उभा केला. जीभ आत घातली. तोंडाभोवतीचे पांढरे केस काळे केले. दोन दिवसांनी मावशी आल्या, स्क्रीनपाशी वाकल्या.

"छान आहे. कुणाचा आहे?"

"अहो, तुमचाच."

"आमच्या साहेबांचा कान लहानपणी तराजूच्या पारड्याखाली सापडला होता. तो उभा राहत नाही. यांना काय मुलगी बघायला न्यायचंय, ताई?"

टोमणे मारायची सवय माझी, खायची नाही. पण हा खाल्ला. पासपोर्टचे नियम मी कुत्र्याला लावले होते.

मूळ फोटो उघडून पहिल्यापासून सुरुवात केली. कान, जीभ, पांढरे केस यांना हात लावला नाही. बिघडलं होतं ते वेगळंच. पगडीच्या सावलीत दुसरा डोळाही बुडाला होता, त्यामुळे नजर नारळावर आहे हे कळतच नव्हतं. म्हणजे गंमत होती तीच अंधारात. ती सावली थोडी थोडी उतरवली, बुबुळातला उजेडाचा ठिपका वर आणला. मग मावशींची बोटं. ती पुसायची तर त्यांच्यामागे लपलेला शालीचा काठ नव्याने भरायला हवा. दुसऱ्या टोकाची नक्षी उचलली, वळवली, चुण्यांमध्ये बसवली. एक कुयरी चार वेळा करावी लागली. नारळाची सावली शालीवर पडायला हवी, तीही रंगवली. अख्खा दिवस गेला. बोटं कुठे होती ते आता मलाही दाखवता येणार नाही.

फोटो न्यायला मावशी लेकीला घेऊन आल्या. लेक ऑफिसातून आलेली, गळ्यात ओळखपत्र, पायात घाई.

"आई, लवकर आटप. गाडी नो पार्किंगमध्ये आहे."

मी फ्रेम समोर ठेवली. पडलेल्या कानावरून, काचेवरूनच, मावशींनी एकदा बोट फिरवलं. लेकीला मात्र हसू आवरेना.

"अगं, हा नारळ कुणाला देणार नाहीये! बघ कसा बघतोय." मग फ्रेम जवळ घेऊन म्हणाली, "पण धरलाय कुणी?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "साहेबांना मदतनीस लागत नाही."

मावशींनी आपला हात पदराखाली घेतला.

लेकीने फ्रेम हातभर लांब धरली, डोकं वाकडं करून पाहिली. "आई, ही सोफ्याच्या वर लावू. दारामागे काही मावायची नाही."

मावली असती. माप माझ्याकडे लिहून ठेवलेलं होतं. पण हॉलमध्ये पंखा असतो, भिंतीला वारा लागतो, म्हणून मागे आणखी एक कडी ठोकून दिली.