एक पट्टी वर

कुणाच्याही घरी आले की आमचे शेजारी आधी उंबऱ्यावर थांबत, तर्जनी वर करत आणि एक डोळा मिटून म्हणत, "श्श... ऐका."

आपण बोलता बोलता गप्प व्हायचं. मग निदान बाहेर पडे. "भिया, तुमच्या पंख्याला सर्दी झालीय." किंवा, "कुकरची शिटी फुसकी येऊन राहिली. रबर गेलं बघा." निदान बहुतेक वेळा बरोबर असे. उपचाराचा मात्र भरवसा नसे. आमचा टेबलफॅन त्यांनी एकदा इतका मन लावून दुरुस्त केला, की त्यानंतर तो वारा घालण्याऐवजी टेबलावरून चालू लागला. "बघा," ते म्हणाले, "ताकद किती होती त्याच्यात!"

अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील. त्यांच्या हाती वस्तू द्यायची भीती वाटते आणि न दिली तर चुकल्यासारखं वाटतं.

सत्तरच्या दशकात मी सांगलीहून देवासला कारखान्यात नोकरीला आलो, तेव्हा ते आमच्याच कारखान्यात स्टोअरला होते आणि कॉलनीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहत. मूळ धारचे. त्यांच्या मराठीत अर्धी माळव्याची हिंदी आणि मधूनच पणजोबांच्या काळातला एखादा शब्द. सगळ्यांना ते 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणत, साहेबांनासुद्धा. म्हणून सगळा कारखानाही त्यांना भियाच म्हणे.

एकदा ते बागली गावी एका नातेवाइकाकडे लग्नाला गेले आणि येताना मांडीवर एक लाकडी पेटी घेऊन आले. आत जुना, विजेवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर होता आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली एक काळी तबकडी.

"भिया," त्यांचा आवाज त्या दिवशी वेगळा होता, "ह्याच्यात आमच्या आत्याबाई आहेत."

मग त्यांनी सांगितलं. आत्याबाई अठराव्या वर्षी फार सुंदर गात. इंदूरला कुणी कंपनीवाले आले होते, त्यांनी गाणं भरून घेतलं. तबकडी तयार होऊन येईपर्यंत आत्याबाईंचं लग्न झालं आणि सासरी गाणं बंद; तबकडी बागलीला पडून राहिली. पुढे वैधव्य आलं, तेव्हा त्यांनी धारला मुलींच्या शाळेत नोकरी धरली. बाजाच्या पेटीवर प्रार्थना बसवून घेत, पण स्वतः गात नसत. आता ऐंशीच्या पुढे होत्या आणि कान हळूहळू जात चालले होते.

"स्वतःचा आवाज त्यांनी कधीच ऐकला नाही," ते म्हणाले. "कान आहेत तोवर ऐकवायचा."

मी तबकडीकडे हात नेला तर त्यांनी झटकन ती मागे घेतली. "नाही. आत्याबाईंच्या आधी ही कुणी ऐकायची नाही. मीसुद्धा नाही."

त्यानंतर कित्येक रविवार त्यांच्या घरात जेवण जमिनीवर बसून झालं, कारण टेबलावर प्लेअर उघडा पडलेला असे. मोटरमधलं ग्रीस वाळून गुळाच्या ढेपेसारखं झालं होतं. ते रॉकेलनं धुतलं. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी गायब झाली, म्हणून वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, रागावल्या. मोटरचा वेग तबकडीपर्यंत पोचवणारं रबराचं एक चाक असतं. ते वर्षानुवर्षं एकाच जागी दबून चपटं झालं होतं आणि प्रत्येक फेऱ्याला धप्प करत होतं. ते चाक हातात धरून, पॉलिश पेपरनं हलके हलके घासत ते व्हरांड्यात बसत.

"अहो, माझ्या टाचांना कधी इतकं जपलं नाही तुम्ही," वहिनी म्हणायच्या.

"तुमच्या टाचा धप्प करत नाहीत."

"करतात हो! तुम्हाला ऐकायला सवड आहे कुठे?"

यावर त्यांनी खरंच एक डोळा मिटून वहिनींना घरभर चालायला लावलं. पोह्यांची बशी हातात धरून मी हसत होतो.

प्लेअर समतल बसला का, हे बघायला त्यावर पाण्यानं भरलेली ताटली ठेवत. सुईचा भार कमी व्हावा म्हणून दांडीच्या मागचं वजन केसभर पुढे, केसभर मागे. वेग तपासायला त्यांनी इंदूरहून बारीक रेघांची एक गोल चकती आणली. ट्यूबलाइटखाली ती फिरताना रेघा स्थिर दिसल्या, की वेग बरोबर. रेघा पहिल्यांदा थांबल्या तेव्हा त्यांनी मला भिंतीवर थापा मारून बोलावलं. चकती गरगर फिरत होती आणि रेघा जागच्या जागी उभ्या होत्या. आम्ही दोघं बाप्ये तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

आणि मग एका रविवारी आम्ही तिघं धारला निघालो. मांडू बघायला चाललेल्यांनी बस गच्च भरली होती. भियांच्या मांडीवर पेटी, वहिनींच्या मांडीवर तबकडी. खड्डा आला की ते पेटी आणि स्वतः, दोघांना हवेत उचलत.

आत्याबाई शाळेजवळ दोन खोल्यांत राहत. लहानखुऱ्या, ताठ, पांढरं स्वच्छ लुगडं. माझी ओळख करून देताच म्हणाल्या, "ह्यानं तुमच्या घरातलं काय काय मोडलं?" मी पंख्याचं सांगितलं. त्या मनापासून हसल्या.

त्यांना खुर्चीत, प्लेअरच्या अगदी जवळ बसवलं. भियांनी दांडी उचलली. सुई टेकली. आधी नुसती खरखर, जशी कढईत मोहरी तडतडावी. आणि त्यातून एका तरुण मुलीचा आवाज वर आला.

मला गाण्यातलं कळत नाही. पण अंगावर काटा आला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. भिया आत्याबाईंकडे बघत होते आणि आत्याबाईंच्या कपाळावर मात्र आठी.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

भियांनी सुई उचलली. चेहरा असा उतरला की बघवेना.

"ही मी नव्हे. मी काळी चारात गात असे. ही पांढरी पाचात कोण गातेय?" असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातली बाजाची पेटी ओढली आणि दोन सूर वाजवून दाखवले. खरंच, तबकडीवरचा आवाज एक पट्टी खाली होता.

"पण आत्याबाई, रेघा थांबल्या होत्या!"

"रेघांना काय कळतं गाण्यातलं?"

जुन्या तबकड्या नेहमी ठरल्या वेगानंच भरलेल्या नसत, हे आम्हाला पुष्कळ नंतर समजलं. त्या घटकेला भियांनी वाद घातला नाही. क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तुमच्याकडे चिकटपट्टी आहे? जखमेला लावायची?"

औषधांच्या डब्यात होती. मोटरच्या दांडीवर एक छोटी कप्पी असते. ती किंचित जाड झाली तर तबकडी जास्त वेगानं फिरते. त्यांनी चिकटपट्टीचा बारीक तुकडा कापून कप्पीभोवती एकच वेढा दिला, नखानं दाबून बसवला.

"पट्टी लावली," ते म्हणाले. "आता बघू चढते का पट्टी."

पुन्हा खरखर. पुन्हा आवाज. पण आता तो उजळ झाला होता, जणू मुलगी घरातून अंगणात आली. आत्याबाईंनी पेटीवर काळी चार दाबून धरली. दोन्ही सूर एकमेकांत मिसळून गेले.

"हं," त्या म्हणाल्या. "ही मी."

डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या. एका तानेपाशी "चुकली बघ, चुकली!" म्हणून मांडीवर थाप मारली. मग ओठ हलू लागले. आधी पुटपुटल्यासारखं, मग खालच्या सुरात, फाटक्या आवाजात त्या तबकडीबरोबर गायला लागल्या. लग्नानंतर सगळ्या आयुष्यात न गायलेली बाई.

तेव्हा भियांनी जे केलं ते मला कधीच सुचलं नसतं. इतके रविवार ज्या गाण्यासाठी घालवले, त्यावरची सुई त्यांनी अलगद उचलली. आत्याबाईंना कळलंच नाही. त्या एकट्याच गात राहिल्या, अस्ताई संपून अंतऱ्यावर गेल्या. खिडकीत शेजारणी जमल्या. खाली तबकडी मुकाट फिरत होती.

गाणं संपल्यावर आत्याबाईंनी डोळे उघडले. "मशीन कधी बंद केलंस रे?"

"मघाशीच."

"आणि मी गात होते?"

"तुम्हीच होतात, आत्याबाई."

त्यांनी पेटीचा भाता मिटला. मग म्हणाल्या, "चहा ठेवा कुणीतरी. घसा सुकला माझा." हे वाक्य त्यांनी अशा थाटात म्हटलं, की मैफल संपवून उठलेली गायिकाच.

प्लेअर आणि तबकडी तिथेच राहिली. आत्याबाई त्यानंतर तीनेक वर्षं होत्या आणि शाळेतल्या मुलींना प्रार्थना पेटीवर वाजवून नव्हे, गाऊन शिकवायला जात, असं वहिनी सांगत. भियाही निवृत्त होऊन धारला गेले. तिथूनच एका हिवाळ्यात ते गेल्याची बातमी आली. कॉलनीतल्या घरांतून पंखे, कुकर आपापले आवाज करत राहिले. कुणी थांबून ऐकेना.

मला मात्र ते आठवतात ते त्या संध्याकाळच्या परतीच्या बसमध्ये. मांडी रिकामी, हातांना काम नाही. धार मागे पडल्यावर ते गुणगुणायला लागले, आणि तेव्हा मला प्रथमच कळलं की इतकं बारीक ऐकणारा हा माणूस गायला मात्र कमालीचा बेसूर होता. वहिनींनी कोपर मारलं. कंडक्टर म्हणाला, "भिया, पहले टिकट ले लो, फिर गाना." त्यांनी तिकिटं घेतली. पुढच्या सीटवरची बाई वळून वळून बघू लागली. ते तिच्याकडे बघून प्रसन्न हसले आणि आणखी मोठ्यानं गायला लागले.