साडूभाऊंच्या समुद्रात नवा मासा

समुद्राकाठी जन्मून, समुद्रावर पोट भरून, शेवटी समुद्रातच बुडालेल्या माणसांनीही समुद्राची जेवढी काळजी केली नसेल, तेवढी आमच्या साडूभाऊंनी लातुरात बसून केली आहे. लातुरात, म्हणजे जिथं नळाला पाणी यायचं त्या दिवशी लोक कामावरून रजा काढतात आणि पाव्हण्याला 'आज नको, नळाच्या दुसऱ्या दिवशी या' असं मोकळेपणानं सांगतात. तिथं एका साध्या कॉलनीतल्या साध्या घराच्या बैठकीत, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली, काचेच्या टाकीतला चार फूट लांबीचा एक समुद्र गेली काही वर्षं नांदतो आहे. साडूभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांची सगळी नोकरी धरणावरची पट्टी वाचण्यात गेली. रोज सकाळी जायचं, पाणी कितव्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. आमच्याकडचं धरण असल्यामुळे आकडा बहुतेक वेळा कालच्यापेक्षा खालीच असायचा. निवृत्तीच्या समारंभात 'आता पुढं काय' असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "जिंदगीभर जाणारं पाणी बघितलं. आता जरा थांबलेलं बघावं म्हणतो." आम्ही टाळ्या वाजवल्या. माणूस शब्दशः बोलतोय हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, म्हणून मीही तिला आक्काच म्हणतो. आम्ही नांदेडचे, दर दोन-तीन महिन्यांनी एसटीनं लातूरला जायचं आणि आल्या आल्या समुद्राची हजेरी घ्यायची, हा आमच्याकडं शिरस्ता आहे. चहा नंतर. आधी साडूभाऊ पाण्याचा खारेपणा दाखवतात. त्यासाठी त्यांच्याकडं दुर्बिणीसारखं एक नळकांडं आहे. त्यात थेंब टाकून उजेडाकडं तोंड करून बघावं लागतं. मला त्यात आजवर फक्त माझ्या पापण्या दिसल्या आहेत, पण मी दर वेळी 'वा, छान आहे' म्हणतो. हैदराबादहून मिठाची पोती येतात. ते मीठ आरओच्या पाण्यात घालून साडूभाऊ समुद्र बनवतात, आणि घालताना ते चिमटीनं असं सोडतात की आक्काला हेवा वाटावा. तिच्या भाजीत मीठ जास्त झालंय की कमी, हे त्या माणसाला चौतीस वर्षांत कळलेलं नाही. लाइट गेली की घरातले पंखे बंद पडतात, मात्र इन्व्हर्टरवर माशांची मोटर चालू राहते. मे महिन्यात एकदा घामानं निथळत मी तक्रार केली, तेव्हा म्हणाले, "तुम्ही बाहेर जाऊन बसू शकता पाव्हणं. त्यांला बाहेर बसता येतं का?" मी बाहेर जाऊन बसलो.

खरा समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला, एका लग्नाच्या निमित्तानं, रत्नागिरीला. वऱ्हाड पाण्यात शिरून ओरडत होतं आणि हे काठावर पँट वर दुमडून, ते नळकांडं डोळ्याला लावून उभे. बराच वेळ बघून त्यांनी निकाल दिला, "पाणी बरंय. पण कुणाचं लक्ष न्हाई इथं. लई कचरा करून राहिले लोक." खात्यानं दुसऱ्या विभागाच्या कामावर शेरा मारावा, तशा थाटात त्यांनी समुद्राला नापास केलं आणि जेवायला गेले.

मग तो दुष्काळ आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात रस्त्यावर माणसांपेक्षा घागरी जास्त दिसायच्या. कॉलनीत कुजबूज सुरू झाली की कोपऱ्यावरच्या घरात चारशे लिटर पाणी काचेत घालून ठेवलंय. एक दिवस आठ-दहा बायामाणसं हंडे घेऊन दारात आली. साडूभाऊंनी वाद घातला नाही. सगळ्यांना बैठकीत बोलावलं, वाटीत थोडं पाणी काढलं आणि एकेकाला चमचा दिला. समोरच्या बंगल्यातल्या बाई पाच वर्षं शेजारी राहून आक्काच्या हातचा चहा 'आज उपास हाय' म्हणून टाळत आलेल्या; त्या दिवशी त्या चमचाभर समुद्र पिऊन, तोंड वाकडं करून गेल्या. आक्का मला म्हणाली, "बघा, आमच्या घरचं काहीतरी पोटात गेलं की न्हाई त्यांच्या." दुष्काळाच्या खात्यावर एवढं एक पुण्य मांडायला हवं.

लोकांना कळलं नाही ते वेगळंच होतं. समुद्राला रोज गोडं पाणी लागतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं पिण्याचं पाणी वरून घालावं लागतं. साडूभाऊंनी काचेवर एक काळी बारीक रेघ मारली होती. रोज सकाळी आक्कानं त्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, हे काम तिच्याकडं. हे पाणी कुणाच्या वाटणीतून? तर साडूभाऊंच्या. ते चौथ्या दिवशी अंघोळ करायचे, दाढी करणं त्यांनी सोडून दिलं आणि चहा अर्धा कप केला. नळाला पाणी येत नसताना वाढलेल्या त्या दाढीमुळं बँकेत त्यांना कुणी ओळखेना, पण समुद्र रेघेला लागून होता.

समुद्रात तेव्हा एकच मासा होता, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याचा जोडीदार आदल्या उन्हाळ्यात, इन्व्हर्टर बिघडला त्या दिवशी गेला. एकटा मासा दिवसभर एकाच कोपऱ्यात हेलकावे खात राहायचा. तेव्हाच साडूभाऊंनी जाहीर केलं की एक नवा मासा आणायचा. साधी गोष्ट. दुसरा माणूस दुकानात गेला असता, बोट दाखवून मासा घेऊन आला असता. पण सरकारी नोकरीनं साडूभाऊंना एक शिस्त लावली होती, की तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय टाचणीसुद्धा खरेदी करायची नाही. त्यांनी फाइल उघडली. उभ्या रकान्यांत माशांची नावं आणि आडव्या ओळींत स्वभाव, खाणं, पूर्ण वाढ, घरातल्यांशी पटेल का, प्रवाळं खाईल का, कामाला येईल का. घरी येणाऱ्या प्रत्येकानं तक्ता वाचून खाली अभिप्राय लिहून सही करायची. माझ्या चार सह्या आहेत. दूधवाल्याचा अंगठा आहे. हैदराबादच्या दुकानदाराला तर ते दर रविवारी फोन करायचे: रात्री झोपतो कुठं, रागीट आहे का, आधीच्या टाकीत कुणाशी भांडला होता का? शेवटी तो बिचारा म्हणाला, "साब, मछली है, दामाद नहीं है. ले के देखो ना एक बार." साडूभाऊंनी हेही अभिप्राय म्हणून तक्त्यात नोंदवलं. अकरा महिने झाले. कॉलनीत लोक म्हणायला लागले, "उदगीर जिल्हा होऊन जाईल, पण ह्यांचा मासा ठरायचा न्हाई." आणि उदगीर जिल्हा होणार हे तर मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे.

शेवटी दोघे उरले. एक भुरा, बोटाएवढा, खडकाच्या भोकात राहणारा, शेवाळ खाणारा. दुसरा भडक पिवळा, ताटलीसारखा चपटा, दिवसभर या टोकाहून त्या टोकाला पळणारा. साडूभाऊंचा कल अर्थातच भुऱ्याकडं. "कामाचा गडी हाय. दिसत न्हाई, बोलत न्हाई, आपलं काम करतो." पिवळ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'अस्थिर. दिखाऊ. खर्चिक.' आक्काला कुणी विचारलं नव्हतं, कारण ती घरातलीच. पण ती एकदा ताटं वाढता वाढता म्हणाली, "पिवळा आना की." साडूभाऊ म्हणाले, "कारण लिही." आक्का म्हणाली, "काय लिहू? आवडतो मला." आवडण्याला तक्त्यात ओळ नव्हती. भुऱ्याची ऑर्डर द्यायचं ठरलं, आणि हे ऐकायला आम्ही दोघं मुद्दाम नांदेडहून गेलो होतो, यावरून आमच्या घरात करमणुकीची किती टंचाई होती ते समजावं.

त्या सकाळी साडूभाऊ समुद्रासमोर उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाणी रेघेच्या वर होतं. चांगलं दोन बोटं वर. त्यांनी खाली वाकून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. पस्तीस वर्षं पट्टी वाचलेला माणूस; पाणी खाली गेलेलं त्याला समजत होतं, वर आलेलं समजेना. "घरात पाऊस पडला काय गं?" त्यांनी विचारलं. त्यांनी समुद्राची वही काढली आणि रोज सवयीनं टिपलेले आकडे पहिल्यांदाच सलग वाचले. काल बोटभर वर, परवा अर्धं बोट खाली, त्याआधी पुन्हा वर. मग त्यांचा आवाज चढला, "पिण्याचं पाणी हाय ते! लोक घागरीसाठी रांगेत उभे हायेत आन् तू वतून राहिलीस! एवढी ठळक रेघ मारून दिली तुला!"

आक्कानं हात पदराला पुसले. "रेघ दिसंना मला," ती म्हणाली. "दोन महिने झाले. बोट बुडवून बघते आन् अंदाजानं वतते."

माझी बायको तिच्या जवळ गेली. साखरेचा आजार आक्काला जुनाच. तो डोळ्यांत उतरला होता आणि ती कुणाला सांगत नव्हती. का, तर ह्या पाणीटंचाईत दवाखान्याच्या खेपा कुठं करायच्या, आणि ह्यांचा मासा आधीच ठरत नाहीये. साडूभाऊ उभेच होते. त्यांनी फार हळू विचारलं, "आन् मासा? मासा दिसतो का तुला?"

"हा नारिंगी दिसतो जरासा. हालला तर," आक्का म्हणाली. "भुरा आनला तर मला तिथं काय हाय, काय न्हाई, कळायचं न्हाई. तुम्ही बघत बसाल, मी नुसती बसून राहीन."

मी साडूभाऊंवर इतकी वर्षं हसत आलो, आणि पुढंही हसणार आहे. पण त्या क्षणी मला त्यांच्याकडं बघवेना. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसाच्या शेजारी दोन महिने काय आटत होतं ते त्याच्या वहीत कुठंच नव्हतं, आणि हे त्याला आमच्या सगळ्यांसमोर कळलं. ते फाइल घेऊन बसले. तक्त्याच्या खाली एक ओळ आखली आणि लिहिलं, 'लांबून दिसतो का'. भुऱ्यापुढं 'नाही'. पिवळ्यापुढं 'होय'. मग हैदराबादला फोन लावला. "पीला वाला भेजो," म्हणाले. पलीकडून दुकानदार म्हणाला, "पर आपने तो बोला था साब, बहुत भागता है." साडूभाऊ म्हणाले, "हाव. भागनेवालाच होना."

दवाखानाही दुसऱ्या दिवशीच सुरू झाला, म्हणून आम्ही दोघंही लातुरातच थांबलो. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळू. पिवळा आठवड्यानं थर्माकोलच्या डब्यातून आला आणि दोन दिवस खडकामागं दडून बसला. तिसऱ्या दिवशी आक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "निघाला बघा!" आम्हा डोळसांच्या आधी तिनं पाहिला. नारिंगीही कोपरा सोडून त्याच्या मागं मागं जाऊ लागला.

याला आता बराच काळ झाला. पाऊस बरा झाला, नळ आठवड्याला यायला लागला. संध्याकाळी दोघं समुद्रापुढं खुर्च्या टाकून बसतात. साडूभाऊंनी एक नवी चाचणी काढली आहे, आणि ती मला त्यांनी सांगितलेली नाही. माझी मी ओळखली. ते मासा कुठं आहे ते आक्काला मोठ्यानं सांगत असतात आणि मधेच मुद्दाम चुकीचं सांगतात. आक्का लगेच पकडते: "खोटं! उजवीकडं हाय तो." मग साडूभाऊ हरल्यासारखं करतात आणि खुशीत मांडी बदलतात.

परवा मी तिथंच होतो. पिवळा उजव्या टोकाला, अगदी काचेला लागून उभा होता. साडूभाऊ म्हणाले, "गेला बघ डावीकडं." आक्का थोडा वेळ बघत राहिली. मग हसून म्हणाली, "हाव, गेला की. डावीकडंच हाय."

मी साडूभाऊंकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. खुर्ची आक्काच्या अजून जवळ ओढून ते म्हणाले, "हाव. डावीकडंच हाय."