बागेच्या कोपऱ्यावरचा झेंडा

निफाडच्या अंगाला बहिरूदादाइतका छाती ठोकून बोलणारा माणूस सापडायचा नाय. शिक्षण सातवीपर्यंत, पण झेंड्याचा विषय निघाला की मास्तरलोकही ऐकत बसायचे. ऑगस्टात घरोघरी झेंडे लागले, तेव्हा दादानं बागेच्या कोपऱ्यातल्या लोखंडी अँगलला वीस फुटी पाइप वेल्डिंग करून घेतला. एसटीतल्या माणसालासुद्धा आपला झेंडा दिसला पाहिजे, एवढंच म्हणणं.

धाकटी बहीण योगिनी नाशिकच्या शाळेत शिकवायची. घरातली पहिली पदवी तिची, आणि ते दादानं निम्म्या तालुक्याला सांगून झालेलं. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्यावर दादानं बोलायचं, हे तिनं मोठ्या बाईंच्या मागं लागून ठरवलं होतं. आदल्या दिवशी ती पाचवीचा वर्ग घेऊन द्राक्षाची बाग दाखवायला आली.

"हे माझे दादा. झेंड्याबद्दल काहीही विचारा यांना."

मग काय, दादा सुटलाच.

"आधी मधोमध चरखा होता बरं का! सत्तेचाळीस साली, स्वातंत्र्य मिळायच्या तोंडावर, त्याच्या जागी चक्र आलं. आऱ्या किती?"

"चोवीस!" पोरं ओरडली.

"शाब्बास! केशरी म्हणजे त्याग. पांढरा म्हणजे खरेपणा. आन् हिरवा म्हणजे जमीन, झाडंझुडपं. म्हणजे हिरवा तर आमचाच! चला, दाखवतो. असा झेंडा आख्ख्या गावात नाय."

रांग कोपऱ्यावर आली. दादानं हात वर केला, तोंड मुलांकडंच. "बघा!"

मुलांनी वर बघितलं, मग योगिनीकडं बघितलं. तेव्हा कुठं दादानं मान वर केली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

केशरी पट्टा उन्हानं विटून मळकट झाला होता. ऑक्टोबरच्या छाटणीपासून फवारणीचा ट्रॅक्टर त्याच कोपऱ्यावर वळायचा. मोरचूद आणि चुन्याचं पाणी थेट झेंड्यावर. पांढऱ्यावर निळसर खपल्या धरलेल्या, चक्र त्यातच बुडालेलं, कडेच्या चिंध्या झालेल्या. धड राहिला होता तो हिरवा.

शेजारच्या ओळीत घड काढणारी कलाबाई उभी राहिली. "म्या दिवाळीतच म्हनलं होतं दादा, औषध उडतंय, उतरून घ्या. तुम्ही म्हनले, तुला काय कळतं झेंड्यातलं."

दादाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. योगिनी घाईनं म्हणाली, "चला मुलांनो, द्राक्षं खायची ना?" तिनं सावरून घेतलं तेच त्याला जास्त लागलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तो स्वतः शिडी लावून चढला. झेंडा खाली आणला तेव्हा हाताला औषधाचा वास लागला.

बस निघताना योगिनी जवळ आली. "दादा, उद्या येणार ना? मोठ्या बाईंना नाव कळवलंय."

"तुझ्या तोंडाला काळं फासलं मी आज."

"येणार का, ते सांग."

दादा झेंड्यावरची खपली नखानं खरवडत राहिला.

खराब झालेला झेंडा फेकायचा नसतो, आडोशाला मानानं जाळायचा असतो, हे त्यानंच गावाला शंभरदा सांगितलेलं. दिवस कलला तसा तो शेडच्या मागं गेला, चपला काढल्या, झेंड्याची नीट घडी केली. मग हाक मारली, "कलाबाई, तू पण ये."

काडी लावली. जाळ हिरवट निघाला.

"मोरचूद हाय ते," कलाबाई म्हणाली.

"हां." दादानं बाहेर उडालेली चिंधी काडीनं जाळात सारली, म्हणाला, "तू सांगितलं होतं. मी ऐकलं नाय."

"जाऊ द्या आता."

"उद्या शाळेत हेच सांगतो. रंगांचं काय, पोरांना पाठ हाय."

"सांगा. पण माझं नाव नका घेऊ बाई, लाज वाटती."

"लाज तुला कशाला?" दादा राखेकडं बघत म्हणाला. "नाव तर पहिलं तुझंच घेणार."