सारजामायची वाघर

धनगराच्या घरात एक वेळ देव्हारा नसेल, पण वाघर असतेच. वाघर म्हंजी सुतळीची विणलेली जाळी. रानात मेंढरं बसवली की भवतीनं खुट्या ठोकायच्या आन ही जाळी ताणून बांधायची. मेंढरं आत, लांडगा बाहेर. सारजामायच्या घरी आज एकही मेंढरू नाही. नवरा म्हाळू जाऊन लई वर्सं झाली, त्याच्या मागं कळपही मोडला. वाघर मात्र भिंतीच्या खुटीला तशीच टांगलेली. सिरसाळ्याच्या बाजारात फुंकून टाक म्हणून शेजारणींनी लई डोकं खाल्लं. सारजामाय म्हणायची, "तुमी तुमच्या सासवा फुंका आदी."

वाघर ठेवण्यामागं कारण होतं. त्या जाळीत मेंढरांपेक्षा माणसं जास्त वाढलीत. आज आमच्या गावात चाळिशीतले जे गडी मिशांवर ताव देत हिंडतेत, त्यातले निम्मे त्या जाळीत रांगले. मीही त्यातलाच. जाळीच्या भोकातून दिसलेला तलावाचा बांध मला अजून आठवतो. का आईनं सांगून सांगून आठवल्यागत वाटतो, ते काही सांगता येत नाही.

तो तलाव हमीच्या कामात झालेला. दुष्काळ पडला, विहिरी आटल्या आन सरकारनं गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव काढला. हमी म्हंजी रोजगार हमी. मागेल त्याला काम. गडी खोदायचे, बाया पाट्या वाहायच्या. तिथली भाकर, तिथलीच भांडणं, सोयरिकीसुद्धा तिथंच जुळल्या. तरण्या सारजाच्या पायावर पहिल्याच महिन्यात धोंडा आला आन ती पाटी उचलण्यातून गेली. तान्ह्या लेकराच्या बायांचा तर आणखीच घोळ. कुठं बाभळीला झोळी, कुठं बांधाला. लेकरू रडलं की बाई पळायची, आन संध्याकाळी खोदलेल्या चौकडीचं माप भरायचं नाही. मापावर पैसा; माप कमी तर रोज कमी.

तानाजी मुकादमानं तिला बोलावलं. "सारजे, पाटी जमना तर लेकरं राख. सरकारचा नियमच हाय तसा. रोज बायांइतकाच."

दुसऱ्या दिवशी सारजा डोक्यावर वाघर घेऊन आली. लिंबाखाली खुट्या ठोकल्या, जाळी ताणली, रांगती लेकरं आत सोडली. बाया भडकल्या.

"आमची लेकरं काय मेंढरं हायेत का गं?"

"मेंढराला एवढं संभाळावं लागत न्हाई," सारजा म्हणाली. "त्यास्नी अक्कल असती."

दुपारी मुकादमाची शिट्टी झाली की ती जाळीची एक बाजू उचलायची. सांजचं कळप घरी आल्यावर कोकरं सोडतेत ना, तसं. लेकरं आपापल्या आईकडं धावायची. चुकून एखादं दुसरीच्या पदरात शिरलं तर सारजा लांबूनच वरडायची, "ते तुजं न्हाई गं, तुजं नाक गाळायलंय ते."

आन सकाळची हजेरी. तानाजी बांधावर उभा राहून एकेक नाव पुकारायचा. आमच्याकडं निजामाच्या अमलापासून बाईचं नाव लिहायची एक तऱ्हा आहे: आधी बाईचं नाव, मग भ्रतार, मग नवऱ्याचं. "सारजाबाई भ्रतार म्हाळू," तो म्हणायचा. "हाय," सारजा म्हणायची. म्हाळू तापानं गेला, त्याच्या दिवसानंतर ती कामावर आली, तेव्हा तानाजीला गेलेल्या माणसाचं नाव पुकारावं वाटलं नाही. त्यानं नुसतं "सारजाबाई" म्हटलं. ती गप्प. परत म्हटलं, तरी गप्प. मग त्यानं घसा खाकरून पूर्ण नाव घेतलं. "हाय," म्हणाली आन खुट्या ठोकायला गेली.

त्या कामानं गावात आणखी एक गोष्ट केली. सुंदरराव आमच्या गावचे मोठे बागायतदार, नंतर सरपंचही झाले. त्यांच्याकडं खुरपायला जाणाऱ्या बाईला हमीच्या निम्मा रोज मिळायचा. हमी सुरू झाल्यावर बाया जाईनात. सुंदरराव बांधावर उभं राहून म्हणायचे, "सरकारनं बाया बिघडवल्या." बिघडलेल्या बायांना मग हमीइतका रोज द्यावा लागला. सुंदररावांचं दिवाळं काही निघालं नाही. पुढं ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली. पण बोलणं तेच.

मग दिवस पालटले. कामावर पोकलेन आलं. शंभर माणसांचा महिना ते आठवड्यात उरकायचं. हमीचं काम कागदावर राहिलं, आन निघालं तरी पैसा कधी येईल याचा भरवसा राहिला नाही. सुंदररावांनी खुरपणीच्या जागी तणनाशक मारायला सुरुवात केली. पोरं पुण्याकडं गेली. लिंबाखालची जागा मोकळी झाली आन सारजामाय घराच्या ओट्यावर बसायला लागली. तान्ह्या लेकरांच्या सुना घरातच. काम नको होतं म्हणून नाही, लेकरू कुणापाशी ठेवावं हा सवाल होता म्हणून.

गेल्या शिमग्याच्या आसपास त्याच तलावातला गाळ काढायचं काम निघालं, तेही माणसांच्या हातानं. गावची रोजगार सेवक म्हंजी ऋतुजा, तानाजी मुकादमाची नात. कामाची मागणी घ्यायची, हजेरी भरायची, हे तिचं काम. ती स्वतः जाळीतली शेवटची खेप. सारजामाय काठी टेकत तिच्या दारात गेली.

"ऋतुजे, माझं नाव घाल."

"माय, तुला पाटी उचलंल का?"

"पाटी कोन उचलायलंय? लेकरं राखती. तुला राखलं तसं."

"नियम हाय अजून," ऋतुजा म्हणाली. "पन कामावल्या बायांची पाच लेकरं लागतेत, पाच वर्साच्या आतली. लेकरं कुठून आनू? कामाला नाव देनाऱ्या सगळ्या सासवा हायेत."

"मग सुना आनते."

"जसं काय बाजारात मिळायलेत."

सारजामाय घरोघर हिंडली. आदिनाथची बायको स्वप्ना हिच्याकडं पहिल्यांदा. आदिनाथ पुण्याला एका कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला. सात महिने झाले की त्याला घरी बसवतेत आन मग नव्यानं घेतेत, कायम करावं लागू नये म्हणून. त्या मधल्या महिन्यांत घर कशावर चालतं ते स्वप्नालाच माहीत.

"तुजी सासू गाळ वाहायला जायली, आन तू तरनीताठी घरात?"

"लेकराला कोन बघंल, माय? आन मी बीए हाय. पाटी उचलू का आता?"

"पाटीला कुठं कळतं तू बीए हायस ते."

स्वप्ना हसली. तिनंच आणखी चौघींना फोन लावले. पाच बाया, पाच लेकरं. सारजामायनं वाघर उतरवली, झाडली. आतून पाल निघाली. कामाच्या पहिल्या दिवशी माय पहाटे चारपासून उजाडायची वाट बघत बसली होती म्हणे.

कामावर ऋतुजानं सगळ्यांना ओळीत उभं केलं, मोबाइल धरला, फोटो काढला. "झालं, चला कामाला."

सारजामाय जागची हलली नाही. "नाव कधी घेतीस?"

"नाव घ्यायचं नसतं आता, माय. फोटूच हजेरी. दुपारून आनखी एक काढते."

"मग मी हाय म्हनू कुनाला?"

ऋतुजा मोबाइलवर फोटो चढवायला लागली. सारजामाय लिंबाकडं निघाली. लिंब आता दोघांच्या कवेत मावत नाही इतका झालाय. खुट्या ठोकल्या, जाळी ताणली. लेकरं आत. दुपारी बाजू उचलली. काम तेच, रोज बायांइतकाच. पण सकाळ तिला सुनी जायला लागली. तरी लिंबाखाली ती पुन्हा ताठ बसायला लागली, एवढं आम्ही बघितलं.

तेवढ्यात सुंदररावांचा कांदा काढणीला आला. पात वाळली, माना पडल्या, वरून वळवाचं आभाळ. कांदा भिजला की सडला. आन कांदा काढणाऱ्या बाया तलावात. सुंदरराव ऋतुजाकडं आले. आता ते थकलेत, पण आवाज तोच.

"काम बंद कर. कांदा निघंपत्तोर."

"बायांनी मागनी केली, आबा. मला बंद करता येत न्हाई."

"तुझ्या आज्याच्या वक्ताला बी हेच. सरकार एका हातानं तुमाला देतंय आन दुसऱ्या हातानं आमचं काढून घेतंय."

बंद होईना म्हटल्यावर त्यांनी भाव वाढवला. अडीचशाचे चारशे केले, हमीचे तीनशेबारा. शिवाय सुंदररावांचे रोख, संध्याकाळी हातात. हमीचे खात्यावर कधी पडतील ते देवाला ठाऊक. स्वप्नानं आन तिच्या संगतीच्या एका बाईनं दुसऱ्या दिवसापासून कांद्याला जायचं ठरवलं.

ऋतुजा खाली मान घालून लिंबाखाली आली. "माय, तीनच लेकरं राहिली. तीनावर तुजं नाव बसत न्हाई."

सारजामाय उठली. जाळी सोडली, गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्ना तिच्या दारात. "माय, लेकरू ठिव की आज. पन्नास देते."

"पन्नासात वाघर लागत न्हाई," सारजामाय म्हणाली. "आन तू देनार कावून? ज्याचा कांदा हाय त्यो देईल."

स्वप्ना लेकरू कडेवर घेऊन रानात गेली. पुढं रानात काय झालं ते सगळ्या गावानं ऐकलं. लेकरानं कांद्याचे हात डोळ्याला लावले आन दिवसभर टाहो फोडला. दुसरीनं लेकरू घरी ठेवलं होतं. ती दर घटकेला घरी पळायची आन दर खेपंला अर्धा किलोमीटर. चारशे रुपये रोज, आन वाफा अर्धा. सुंदरराव बांधावर उभे राहून म्हणाले, "घरी ठिवून यावं ना लेकरू."

स्वप्ना उभी राहिली. "कुनाच्या घरी, आबा? सासू तलावात, नवरा पुण्यात. तलावात वाघर व्हती म्हनून आमी घरातून निघालाव. तलाव निघाला म्हनून तुमचे चारशे झाले. आता वाघर बंद पडली. उद्या आमी परत घरात. बगा, कांदा कोन काढतंय."

बीएचा उपयोग असा झाला. सुंदरराव संध्याकाळी सारजामायच्या ओट्यापुढं येऊन उभे राहिले. हयातीत पहिल्यांदा. ती सुतळी घेऊन जाळीचं फाटकं भोक शिवत होती.

"काय करायलीस, सारजाबाई?"

"उंदरानं खाल्लीय. शिवायले."

"माझ्या बांधाला लिंब हाय. सावली लई."

"ठावं हाय. त्या सावलीला मेंढरं बसली म्हनून म्हाळूला दगड मारून हाकलला व्हता तुमी."

"जुनं कावून काढायलीस?"

"सावली तुमीच काढली."

सुंदररावांनी आभाळाकडं बघितलं. आभाळ काळं होतं. "किती घेशील?"

"बायांचा जो रोज, त्यो."

"बसायचे चारशे?"

"एक दिस बसून बगा पाच लेकरांत. मग मागा कमी."

"बरं. दिले."

"आन सकाळी हजेरी घ्यायची. एकेकीचं नाव घिऊन."

"कांद्याला कसली हजेरी? मी काय मुकादम हाय का, बे?" बाईला बे म्हटल्याचं त्यांच्या ध्यानात आलं न् ते थांबले.

"मग मी घरी हाय," सारजामाय म्हणाली आन दातांनी सुतळी तोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांद्याच्या रानात सात बाया उभ्या, पाच सुना आन दोन जुन्या. तलावावरच्या तिघीही लेकरं घेऊन आल्या होत्या. तिकडं गाळ काढायला सासवा उरल्या, आन काम बंद पडलं नाही. ते बंद पडू नये यात आता सुनांचंच हित होतं. सारजामाय लिंबाखाली पाठ करून खुट्या मांडत होती. सुंदरराव वहाणा हातात घेऊन वाफ्यात उतरले. गावचे जुने सरपंच, हजार सभांतून बोललेले. पण इथं पहिल्याच नावाला अडखळले.

"आदिनाथची बायकू," ते म्हणाले.

"मला नाव हाय, आबा. स्वप्ना."

"स्वप्ना."

"हाय."

एकेकीचं नाव विचारून झालं. तरण्या सुनांपैकी एकीचंही नाव त्यांना माहीत नव्हतं. विचारताना लाजल्यागत व्हायला लागलं. शेवटी लिंबाकडं वळले.

"सारजाबाई."

ती खुटीला दगड लावून बघत राहिली.

"सारजाबाई," सुंदरराव मोठ्यानं म्हणाले. "ऐकू येत न्हाई का?"

बायांत एक जुनी होती, तलावावर पाट्या वाहिलेली. ती हळूच म्हणाली, "आबा, पूर्न घ्या."

सुंदररावांनी म्हाळूला मारलेला दगड ह्याच बांधावरून उचलला होता. त्यांनी हातातल्या वहाणा खाली ठेवल्या. मग म्हणाले, "सारजाबाई भ्रतार म्हाळू."

"हाय," सारजामाय म्हणाली, आन खुटीवर दगड हाणला.